सातव्या नियमातला ‘न’

आमच्या शाळेत मी लेखनिक. सगळे भाऊसाहेब म्हणतात. माझ्या टायपिंगात चूक काढणारा अजून जन्माला यायचाय, असं मी चोवीस वर्षं छाती पुढे काढून सांगत आलो होतो. ‘होतो’ हा शब्द नीट वाचा, म्हणजे पुढचं समजेल.

त्या वर्षी नववीला ‘जगाचा भूगोल’ शिकवायला नव्या बाई आल्या. चालायच्या कमी, पळायच्या जास्त. कुठल्याही गावाचं नाव काढलं की त्या आधी अक्षांश विचारायच्या, म्हणून दोन दिवसांत पोरांनी त्यांचं नाव अक्षांशबाई ठेवलं. पहिल्याच सकाळी हाताने लिहिलेला कागद घेऊन माझ्या टेबलापाशी हजर.

“भाऊसाहेब, वर्गाचे नियम आहेत. एका पानात बसवा. दुसरं पान कुणी उलटत नाही.”

शिक्षकांचे नियम मी ढिगाने टाइप केलेत. वेळेवर या, गप्प बसा, वही आणा. हे नियम मात्र वाचताना मला खुर्चीत सरळ बसावं लागलं. नियम पहिला: हे सगळे नियम बाईंनाही लागू आहेत. तिसरा: ‘तिकडे’ हा शब्द वर्गात चालणार नाही, दिशा सांगा. पाचवा: चुकलेला नकाशा फाडू नये, लाल पेनाने दुरुस्त करावा. सहावा: गृहपाठ केला नाही तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तोंडी. सातवा: उत्तर घरी विचारू नये.

“घरी का विचारायचं नाही?” मी आगाऊपणा केलाच.

“ज्याच्या घरी शिकलेले आईबाप, त्याला दहापैकी दहा. ज्याच्या घरी सांगणारं कुणी नाही, त्यानं काय करायचं? मी तशाच घरातली आहे. बाबा बंदरावरच्या गोदामात हमाली करायचे. मी त्यांना कधी काही विचारलंच नाही.”

या तासावर गदा आहे, हे मला ठाऊक होतं, कारण ते पत्र मीच टाइप केलं होतं. आधीच्या गुरुजींच्या तासाला अर्धा वर्ग झोपायचा. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंनी ठरवलं होतं: महिन्याभराने मागच्या बाकावर बसून वर्ग बघायचा. जीव दिसला तर विषय राहील. नाहीतर त्या तासाला संगणक आणि अक्षांशबाईंना नारळ.

पहिला गृहपाठ होता, ‘घरातली एक वस्तू कुठून आली ते शोधा.’ सोमवारी माझ्या खोलीपर्यंत वर्गाचा गलका ऐकू आला. पाठोपाठ बाई आल्या, हातात नियमांचा कागद.

“भाऊसाहेब, अडतीसच्या अडतीस पोरं घरी विचारून आलीत. विचारलं तर म्हणतात, तुम्हीच सांगितलंत. हे वाचा.”

मी चष्मा लावला. सातवा नियम: उत्तर घरी विचारून ये.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. चोवीस वर्षांचा तोरा एका अक्षराने उतरवला. “‘न’ जरा तिकडे गेला हो,” मी पुटपुटलो.

“तिकडे म्हणायचं नाही.”

“पश्चिमेला सरकला.”

बाई हसल्या, आणि मला हायसं वाटलं. म्हटलं, आत्ता दुसरा कागद छापून देतो. त्या दाराकडे कान देऊन उभ्या होत्या. गलका चालूच होता.

“नको. पंक्चरवाल्याचा मुलगा आजवर वर्गात तोंड उघडत नव्हता म्हणे. आज दहा मिनिटं बोलला. त्याचे वडील टायरच्या कडेवरचा छाप बघून देश सांगतात. एकीच्या मावशीनं दवाखान्यातून औषधांची रिकामी खोकी पाठवलीत, प्रत्येकावर वेगळा देश. कुणाच्या घरी काहीच नाही असं एकही घर निघालं नाही, भाऊसाहेब. मीच मूर्ख.” त्यांनी माझंच लाल पेन उचलून सातव्या नियमाखाली जाड रेघ मारली. “नियम पाच. फाडायचं नाही.”

मग काय विचारता! वर्गातला जगाचा नकाशा दोऱ्यांनी आणि चिठ्ठ्यांनी भरून गेला. इतर वर्गांतली पोरं खिडकीला लोंबकळू लागली. मी स्वतः हजेरीचं निमित्त काढून दिवसातून दोनदा डोकावत होतो.

महिना भरला. शुक्रवारी मोठ्या बाई वेळापत्रकाची फाइल घेऊन मागच्या बाकावर बसल्या. मीही दारात हजेरीपट घेऊन चिकटलो. वर्ग असा काही रंगला की मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरच्या बडबडीने हात वर केला. तिचं हे नाव वर्गानेच ठेवलंय आणि ते खोटं नाही.

“बाई, नियम एक. तुम्ही घरी विचारलंत?”

मला त्या पोरीचा असा राग आला! अक्षांशबाईंचा चेहरा उतरला. खोटं बोलता आलं असतं.

“नाही,” त्या म्हणाल्या.

“मग नियम सहा. उद्या तोंडी.”

मोठ्या बाईंनी फाइल मिटली. “मग मीही उद्याच ठरवते.”

शनिवारी बाई एकट्या आल्या नाहीत. बरोबर त्यांचे बाबा होते. गळ्यापर्यंत बटणं लावलेला इस्त्रीचा शर्ट, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली. ते दारातच अवघडून उभे राहिले. मी हात धरून आत नेलं.

“बाबा, पोत्यात काय आहे ते तुम्ही कसं ओळखायचात?” बाईंनी विचारलं.

“वाचता येत नव्हतं. पण नाक होतं ना.” म्हातारा हळूहळू खुलला. “कोकोच्या पोत्याला आंबूस वास. कच्च्या कॉफीला वाळल्या गवताचा. लवंगेचं पोतं खांद्यावर घेतलं की डोळ्यांतून पाणी. मुकादम चिठ्ठी शोधेपर्यंत मी माल सांगून मोकळा.”

अडतीस पोरं डोळे फाडून ऐकत होती. मोठ्या बाई पुढे झुकल्या. “आणि ही पोती यायची कुठून?”

बाबांनी खिडकीबाहेर हात केला. “तिकडून.”

“आजोबा, तिकडे चालत नाही,” बडबडी म्हणाली.

“मला तरी कुठं चालायचं, बाळ? एकतीस वर्षं विचारत होतो, तिकडे म्हणजे कुठं. मुकादम म्हणायचा, तुला काय करायचंय, उचल.”

“मग मुलीला का नाही विचारलंत?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“ही अभ्यासात असायची. म्हटलं, अडाण्यानं मधे कशाला बोलायचं.”

अक्षांशबाईंनी बाबांचं मनगट धरलं, नकाशापाशी नेलं आणि त्यांचं जाड, भेगाळलेलं बोट विषुववृत्ताच्या जरा उत्तरेला, समुद्राच्या काठावर टेकवलं. “कोको इथून यायचा, बाबा.”

बोट तिथून हललं नाही. “केवढं लांब आहे गं,” ते म्हणाले. “आणि मी रोज हात लावत होतो.”

माझे डोळे भरून आले, ते कबूल करायला मला लाज नाही. मागच्या बाकावर मोठ्या बाईंनी फाइल उघडली, भूगोलाच्या तासापुढे सही केली आणि मला खूण केली. टाइप करायला जायला हवं होतं. मी गेलो नाही.

“आता लवंगेचं दाखव,” बाबा लेकीला म्हणाले.