मोजणी जुळली

माझा दादा नोकरीभर एका सरकारी कचेरीच्या तळघरात बसून कागद नष्ट करत आला. हे मी कुणाला सांगितलं की लोकांना वाटतं, मी त्याची टिंगल करते आहे. टिंगल मी करतेच, पण हे खरं आहे. जुन्या फायलींच्या फिल्मवर नकला काढायच्या, पानं मोजायची, नक्कल आणि मूळ यांची मोजणी जुळली की शिक्का मारायचा आणि मूळ फाईल कापायच्या यंत्रात घालायची, हे त्याचं काम. पानावर काय लिहिलंय ते वाचायचं नाही. वाचत बसलं तर काम उरकणार कधी, असं त्याचे साहेब म्हणायचे. साहेब निवृत्त झाल्यावर तेच वाक्य दादा म्हणायला लागला.

निवृत्तीनंतर ही सवय घरी आली. विजेचं बिल भरलं की त्याची झेरॉक्स फाईलला, आणि मूळ बिलाचे कात्रीने चार तुकडे करून ते केराच्या डब्यात. वहिनी म्हणायची, "लग्नाच्या दाखल्याची तेवढी झेरॉक्स काढू नका, नाहीतर मलाही डब्यात टाकाल." दादा हसायचा नाही. दाखल्याची झेरॉक्स त्याने आधीच काढलेली असावी, असा मला संशय आहे.

आई त्याच्याकडेच राहते. मी दोन गल्ल्या सोडून राहते, त्यामुळे संध्याकाळी माझी चक्कर असतेच. गेल्या काही वर्षांत आईच्या डोक्यातून एकेक माणूस पुसलं गेलं. आधी शेजारपाजारचे, मग नातवंडं, मग मी. मला ती आता 'बाई' म्हणते आणि पाहुणीला विचारावं तसं पाणी हवं का विचारते. दादाला कधी आपला भाऊ समजते, कधी डॉक्टर. तिच्याजवळ उरली ती फक्त थोरली.

थोरली म्हणजे आमची ताई. दुसरीत असताना तापाने गेली. मी तेव्हा पाळण्यात होते आणि दादा चार वर्षांचा. आम्हा दोघांनाही तिचा चेहरा आठवत नाही. आईला मात्र ती गेल्याचं आठवत नाही, तिचं बाकी सगळं आठवतं. दिवे लागायच्या सुमारास आई दाराशी खुर्ची ओढून बसते आणि विचारते, "थोरली आली का?" आम्ही म्हणतो, "येईल." एकदा दादाच्या तोंडून खरं निघून गेलं. "आई, ताई गेली ना आपली. कधीच गेली." आईने ते जणू पहिल्यांदाच ऐकलं. ती अशी काही रडली की शेवटी डॉक्टरांना घरी बोलवावं लागलं. दुसऱ्या दिवशी ती विसरली आणि पुन्हा दाराशी जाऊन बसली. दादा काही विसरला नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जुने फोटो दाखवून बघा. ओळखीचा चेहरा समोर आला की अशा माणसांचा जीव जरा शांत होतो. दादाने ते मनावर घेतलं. ताईचा फोटो आईच्या हातात द्यायचा, तिने 'ही माझी थोरली' म्हणायचं आणि फोटो उशाशी घेऊन निवांत झोपायचं, एवढंच त्याला हवं होतं. आयुष्यात त्याने स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. हे एक मागणं त्याचं होतं.

पण दाखवायला फोटोच नव्हते. ताईच्या वेळचे अल्बम आईने कधी कुणाला उघडू दिले नाहीत, आणि मागे स्वयंपाकघरातला नळ फुटला तेव्हा भिंतीतल्या कपाटातले सगळे अल्बम भिजून त्यांचा लगदा झाला होता. उरली होती ती माळ्यावरची पत्र्याची पेटी. बाबांना कॅमेऱ्याचं वेड होतं आणि एकही निगेटिव्ह न टाकण्याचं त्याहून मोठं. पेटीत कागदी पाकिटांत निगेटिव्हच्या पट्ट्या होत्या, पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या स्लाइड होत्या. झाकण उघडल्याबरोबर आंबूस, नाकात जाणारा वास घरभर सुटला. वहिनीने नाकाला रुमाल लावला आणि जाहीर केलं, "ही पेटी घरात राहणार असेल, तर मी माहेरी." तिच्या माहेरी आता कुणीही नाही, पण बोलायची पद्धत आहे तिची.

दादाने स्कॅनर आणला. दुकानदार त्याला म्हणाला, "काका, काही अवघड नाही, यंत्र सगळं आपोआप करतं." असं सांगणाऱ्या माणसाला मी दारातही उभं करणार नाही, पण दादाला ते आवडलं. खिडकीजवळच्या टेबलावर त्याने यंत्र मांडलं. दुपारचं जेवण झालं की इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून, हातात कचेरीतले पांढरे सुती मोजे चढवून तो तिथे बसायचा. पट्टी कडेने धरून उजेडासमोर बघायची, मऊ ब्रशने धूळ झटकायची, साच्यात बसवायची, झाकण लावायचं. आतून उजेडाची एक रेघ सरकत जायची आणि पडद्यावर आमचं घर उमटायचं. इतकं खूश मी त्याला नोकरी सुटल्यापासून पाहिलं नव्हतं. वहिनी म्हणाली, "घरातल्या घरात कामावर जातात. डबा तेवढा द्यायचा राहिलाय."

पहिले फोटो मात्र बघवत नव्हते. फिल्मवर बुरशी चढली होती, त्यामुळे सगळ्यांना गोवर आल्यासारखा दिसत होता. मग दादाला स्कॅनरच्या प्रोग्राममध्ये एक सोय सापडली. 'धूळ आणि डाग काढा', असं त्यात लिहिलेलं होतं आणि पुढे तीन पर्याय होते: कमी, मध्यम, जास्त. दादाने 'जास्त' निवडलं. गोवर गेला. त्याने मला मुद्दाम फोन करून बोलावलं आणि बाबांच्या सायकलीचा फोटो दाखवला. "बघ, एक डाग राहिला असेल तर सांग." खरंच एकही राहिला नव्हता.

पुढचं सगळं कचेरीच्या शिस्तीत झालं. एका पाकिटातले फोटो मोजायचे, कॉम्प्युटरवर तेवढेच आलेत का बघायचं, आकडा जुळला की पाकीट कात्रीखाली. नुसतं टाकायचं नाही, पट्टीचे नखाएवढे तुकडे करायचे, कारण कचेरीत तसाच नियम होता. स्लाइडही चौकटीतून काढून कापल्या. रोज सकाळी कचऱ्याच्या गाडीत एक पिशवी जायची आणि घरातला वास रोज थोडा कमी व्हायचा. इतक्या वर्षांच्या संसारात वहिनीने नवऱ्याच्या कामाचं पहिल्यांदाच कौतुक केलं.

"ताईचे सापडले का?" मी विचारायचे.

"असतील त्यात. सगळं संपू दे. मध्येच बघत बसलं की मोजणी चुकते."

मी तिरसट आहे याबद्दल घरात एकमत आहे. "फोटो बघायचे असतात, मोजायचे नसतात," असं मी त्याला तोंडावर म्हटलं. तो म्हणाला, "बघायला आता जन्म पडलाय." आणि पुढची पट्टी साच्यात बसवली.

पेटी रिकामी झाली त्या रविवारी दादाने कॉम्प्युटर टीव्हीला जोडला. आईला मधल्या खुर्चीत बसवलं, पाठीला उशी दिली. आम्ही तिघं बाजूला. आधी बाबा आले, सायकल आली, कुठल्याशा तळ्याच्या काठावर तरुणपणीची आई आली. स्वतःकडे बघून आई म्हणाली, "चांगली आहे बाई ही." दादा माझ्याकडे बघून हसला. 

मग ताई आली. पायरीवर उभी, ऊन लागतंय म्हणून डोळे बारीक केलेले, एक मोजा घसरलेला. मी तिला असं कधी पाहिलंच नव्हतं. दादा हळू आवाजात म्हणाला, "आई, बघ कोण आलंय."

आईने नीट बघितलं. "गोड आहे पोर. कुणाची?"

"आई, ही आपली थोरली."

"छे. माझ्या थोरलीच्या गालावर तीळ आहे, एवढा." तिने बोटाचं टोक दाखवलं. "हिला कुठाय?"

दादाने फोटो मोठा केला. गाल साबणाच्या नव्या वडीसारखा गुळगुळीत होता. पुढचा फोटो आणला, त्याच्या पुढचा आणला. ताई झोपाळ्यावर, ताई बाबांच्या खांद्यावर, ताई तोंड वेंगाडून. तीळ कुठेच नव्हता. मला आईचाच राग आला. सगळं विसरली आहे, त्यात हेही काहीतरी बोलते आहे, असं मला वाटलं. तेवढ्यात वहिनी उठून आत गेली आणि आईने जपून ठेवलेला ताईचा फ्रॉक घेऊन आली. पांढऱ्या फ्रॉकवर बारीक काळे ठिपके. टीव्हीवर ताईच्या अंगात तोच फ्रॉक होता, तोच गळा, तीच झालर, पण पांढराफटक.  फ्रॉक तिने टीव्हीजवळ धरला.

मग आम्हाला सगळंच दिसायला लागलं. बाबांच्या शर्टाला गुंड्या नव्हत्या. तळ्यावरच्या आभाळात एक पाखरू नव्हतं. आणि कुणाच्याच डोळ्यांत उजेडाचा तो बारीक ठिपका नव्हता, ज्याने माणूस जिवंत दिसतं. यंत्राने धुळीबरोबर तेही वेचून नेलं होतं.

दादाने चष्मा काढला. "मीच सांगितलं त्याला," तो म्हणाला. "जास्त काढ म्हणून."

"आणि मूळ?" मला माहीत होतं, तरी मी विचारलं.

"मोजणी जुळली होती," दादा म्हणाला.  एरवी मी त्याला फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी मी उठून टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी तो चौकातल्या फोटोवाल्याकडे गेला. फोटोवाला भला माणूस. सगळं बघून म्हणाला, "फिल्म आणा काका, पुन्हा काढून देतो, लगेच. पण फाईलमध्ये जे नाहीच, ते मी कुठून आणू?" दादा घरी आला आणि त्याने घर उलथंपालथं केलं. कपाटाखाली, गादीखाली, कचऱ्याच्या डब्याच्या तळाशी हात घालून बघितलं. पेटीच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या दुमडीत, फिल्मचा एक तुकडा सापडला. तो खिडकीशी नेऊन उजेडासमोर धरला. नुसता काळा. रीळ कॅमेऱ्यात भरताना उजेड लागून वाया जातं, ते टोक होतं. दादाने ते पाकिटात घालून ठेवलं. ते त्याने कापलं नाही.

एवढ्यावर त्याने सोडून द्यायला हवं होतं. पण चार दिवसांनी मी गेले तर तो आईसमोर गुडघ्यावर बसला होता. "आई, थोरलीचा तीळ कुठे होता गं? नीट सांग."

आईने इकडेतिकडे बघितलं, मला जवळ बोलावलं आणि माझ्या गालावर बोट टेकवलं. उजव्या डोळ्याखाली, नाकाच्या जरा बाजूला. क्षणभरही अडखळली नाही. "इथे," ती म्हणाली, आणि बोट तसंच ठेवून राहिली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. कुणासाठी का असेना, आईने कितीतरी दिवसांनी मला आपणहून हात लावला होता. मी मान हलवली नाही.

दादाने ती जागा बघून घेतली आणि पायरीवरच्या फोटोत तीळ काढायला बसला. माउस हवा तसा वळत नव्हता, तिळाचा कधी डाग व्हायचा, कधी रेघ. तो पुसायचा, पुन्हा काढायचा. ज्याने नोकरीत एका पानावर दुसऱ्यांदा नजर टाकली नाही, तो त्या एका ठिपक्यासमोर दुपार दुपार बसून राहिला. अखेर जमला, म्हणजे आम्हाला तरी तसं वाटलं. घरच्या प्रिंटरवर त्याने फोटो छापला. वहिनीने तो वाळेपर्यंत पंखा बंद ठेवला.

संध्याकाळी आई दाराशी बसली होती. दादाने फोटो तिच्या हातात दिला आणि तो बाजूला उभा राहिला. आईने फोटो जवळ धरला, लांब धरला. चेहरा निवळला तिचा. मी वहिनीचा हात घट्ट धरला.

आईने अंगठा जिभेला लावला आणि ताईचा गाल पुसायला लागली. शाळेतून आलेल्या पोराचं तोंड पुसावं तसं, दुसऱ्या हाताने फोटो घट्ट धरून. प्रिंटरची शाई ती, ओल लागताच सुटली. आधी तीळ पसरला, मग गाल गेला, मग डोळाही तिच्या अंगठ्यावर आला. दादा हलला नाही.

"शाई लागली होती पोरीला," आई म्हणाली. "आता बघ, स्वच्छ झाली." तिने फोटो दादाच्या हातात परत दिला. "हिच्या आईला नेऊन दे, डॉक्टर. बिचारी शोधत असेल."

मग तिने खुर्ची दाराकडे आणखी थोडी सरकवली आणि विचारलं, "थोरली आली का?"

दादा हातातल्या फोटोकडेच बघत होता. "येईल," मी म्हटलं.