सिंधूची आखूड फुंकणी

सिंधूच्या भाचीचा फोन आला तेव्हा मी गॅसवर चहा ठेवला होता. ‘‘मंदामावशी, आमची मावशी गेली...’’ एवढंच ती बोलली. रडू यायच्या आधी मला सिंधूचा रागच आला. गेल्याच महिन्यात तिच्या माटुंग्याच्या घरी तिनं मला दम भरला होता, ‘‘मंदे, माझ्या आधी मरायचं नाही हं!’’ म्हणजे मला बंदी आणि स्वतःला मोकळीक. आयुष्यभर हिचं असंच.

गिरगावात आमच्या खोल्या एका भिंतीच्या अल्याड-पल्याड होत्या. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. चाळीतलं पोरगं न् पोरगं रस्त्यावर. सिंधू तेव्हा कॉलेजात विज्ञान शिकत होती आणि तिचा थोरला भाऊ वसंता पतंग करण्यात चाळीत पहिला नंबर. एका संध्याकाळी मोर्चावर गोळीबार झाला आणि वसंता घरी आला तो चार जणांच्या खांद्यावर. छातीवरची जखम आम्ही सगळ्यांनी पाहिली. तिच्याबद्दल मी आजही नीट लिहू शकत नाही...

तेरावं झाल्यावर सिंधूच्या वडिलांचे वरिष्ठ भेटायला आले. तिचे वडील, म्हणजे आमचे काका, सरकारी कचेरीत कारकून, त्यामुळे वरिष्ठांना खुर्ची आणि काका उभे. चहा संपवून ते हळूच म्हणाले, ‘‘गोळी झाडणाऱ्या त्या पोलीस साहेबांकडे आखूड नळीचं पिस्तूल होतं हो. इशाऱ्यापुरतं. त्या गोळीला जोर तो कसला? फार तर खरचटलं असेल. मुलगा रेटारेटीत पडून वारला, असंच सांगा कुणी विचारलं तर. तुमच्या नोकरीसाठीच म्हणतोय.’’ काका मान खाली घालून उभे. मला वाटलं, आता ते ‘बरं’ म्हणणार.

तेवढ्यात सिंधू आतून बाहेर आली. हातात शेगडी फुलवायची फुंकणी. त्यांच्या लोखंडी फुंकणीचं टोक गंजून तुटलेलं, त्यामुळे ती वीतभरच उरली होती. ‘‘मंदे, तुमची आण,’’ ती म्हणाली. आमची चांगली हातभर लांब होती. मी धावत जाऊन आणली. सिंधूनं भिंतीवरचा वसंताचा पतंग काढून माझ्या हातात दिला आणि मला दाराशी उभं केलं. वर्तमानपत्राचा कागद भिजवून तिनं दोन सारख्या गोळ्या वळल्या. आधी आमच्या फुंकणीतून फुंकली. गोळी पतंग फाडून गॅलरीच्या कठड्यावर आपटली. मग त्यांच्या तुटक्या फुंकणीतून. तीही पतंग फाडून गेली, पण उंबऱ्यापाशीच पडली.

‘‘बघा,’’ ती म्हणाली. ‘‘गोळी नळीत असते तोवर मागची हवा तिला ढकलते. पिस्तुलात हवेच्या जागी दारूचा धूर. नळी आखूड, तर ढकलायला वेळ कमी, म्हणून गोळी हळू. कमी जोर म्हणजे जोरच नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला? पतंग दोन्हींनी फाटला ना?’’ आणि मग, आवाज न चढवता, ‘‘माझा भाऊ वारला नाही. त्याला मारला.’’

काकांनी मान वर केली आणि म्हणाले, ‘‘होय साहेब. वसंताला गोळी घालून मारला. मी असंच सांगणार.’’ त्यांची बढती त्यानंतर थांबली ती थांबलीच. पण त्या दिवसापासून ते चाळीच्या जिन्यावरून ताठ मानेनं उतरायचे, हे मी पाहिलंय.

पुढे सिंधू दादरच्या शाळेत विज्ञान शिकवू लागली. गतीचा धडा आला की दोन्ही फुंकण्या वर्गात जायच्या. आमची तिनं कधी परत केलीच नाही. मुली विचारायच्या, ‘‘बाई, मग नळी रस्त्याएवढी लांब केली तर?’’ ‘‘तर फुंकेतला जोर संपेल आणि नळीच गोळीला धरून ठेवेल,’’ ती सांगायची. मुख्याध्यापिका एकदा वैतागल्या, मुलींना पिस्तूल कशाला शिकवता म्हणून. सिंधू म्हणाली, ‘‘बाई, आम्हाला ते घरी येऊन शिकवून गेलं.’’ धडा चालू राहिला.

परवा सिंधूच्या घरी भाचीनं शोकसभेच्या पत्रिकेचा मजकूर वाचून दाखवला. त्यात होतं, ‘त्यांचे बंधू चळवळीत वारले.’ म्हटलं, खोड ते. ‘मारले गेले’ लिही. ती म्हणाली, ‘‘मावशी, इतक्या वर्षांनी कशाला?’’ मी जागची हलले नाही. तिनं लिहिलं, मी चष्मा लावून खात्री केली आणि मगच उठले.

निघताना तिनं तुटकी फुंकणी माझ्या हातात ठेवली. आता ती माझ्या गॅसच्या ओट्यावर असते. सून म्हणते, भंगारात देऊ या. काल घरात कुणी नसताना मी कागदाची गोळी वळली, पतंगाचा कागद दाराला लावला आणि फुंकलं. माझा दम आता त्या नळीपेक्षा आखूड. गोळी अगदी हळू गेली, सिंधू... पण कागद फाटला.