मागच्या सीटखालचा आवाज

येरमाळ्याच्या अलीकडच्या चढावर माझी जुनी गाडी ट्रकांच्या रांगेत बंद पडली. थोरला भाऊ चालवत होता. यानंच कुठूनतरी भेसळीचं पेट्रोल भरलं असणार म्हणून माझं डोकं फिरलं. मी त्याला कॉलर धरून बाहेर ओढलं आणि डाव्या कानाखाली वाजवली. तो बोनेटवर आपटला, तरी त्याच कानाखाली आणखी दोन ठेवून दिल्या. त्यानं हात उचलला नाही.

"आठ दिस झालं सांगाय लागलोय," तो एवढंच म्हणाला, "मागच्या सीटखाली कायतरी कण्हतंय."

टेम्पोला दोर बांधून गाडी येरमाळ्यातल्या गॅरेजवर नेली. मिस्त्रीनं मागची सीट काढून किल्ली फिरवली. आवाज नाही. त्यानं खालून टाकीवर हातोडीच्या दांड्यानं ठोकलं, तेव्हा टाकीतला पेट्रोल ओढणारा पंप घरघरला आणि पुन्हा गप्प झाला. मिस्त्रीनं पेट्रोलचा वास घेतला.

"पेट्रोल चांगलंय. पंप गेलाय."

नवा पंप बसवून त्यानं परत किल्ली फिरवली. बारीक, एकसारखी गुणगुण मला दारातूनही ऐकू आली.

"दादा, आता नीट वाजतोय का बघ," मी म्हणालो.

भावानं वाकून डावा कान लावला. थोडा थांबला. मग मान वळवून उजवा लावला.