पत्र्यावर राहून गेलेला शब्द

साकोलीत किरायाने द्यायला खोल्या घ्यायच्या, हे माझ्या डोक्यात बसलं. बायकोने तिच्या नावाची धानाच्या शेताची बांधी विकू दिली. अट एकच, "मले दाखवल्याबिगर इसार द्याचा नाही."

दोनदा मी ती अट पाळली. पहिली चाळ हायवेला लागून होती. गावी जाऊन बायकोला एसटीने घेऊन आलो, तोवर नागपूरचा एक माणूस इसार देऊन मोकळा. दुसऱ्या वेळी आम्ही बसमध्येच होतो आणि दलालाचा फोन आला, गेली म्हणून. साकोली अशी वाढून राहिली आहे की बाईमाणसाने लुगडं बदलेपर्यंत घर विकलं जातं.

तिसऱ्यांदा मी थांबलो नाही. टेकडीच्या चढावर तीन खोल्या होत्या. खाली पक्का मुरूम, भिंती कोरड्या ठाक. उभ्या उभ्या इसार दिला.

घरी सांगितलं तर म्हणते, "चढावर कोन राहीन? बकऱ्या?"

खरेदी झाली, तरी ती पाहायला आली नाही. दोन महिने खोल्या रिकाम्या. बांधी तर गेली होती, आता तिच्यासमोर जेवायला बसणंही जड जाई.

मी दुसरी शिकलेला, पण पाटी दुसऱ्याकडून कायले लिहून घेऊ? पत्र्यावर चुन्याने स्वतः लिहिलं, 'खोल्या देने आहे'. किराया हा शब्द राहून गेला. लोक थांबून हसत. दलाल म्हणाला, "काकाजी, दान करून राहिले का?"

"लिवलं ते बरोबर आहे," मी म्हटलं. पुसलं नाही.

एका रविवारी बायको आपणहून आली. आल्या आल्या झाडू घेतला. तेवढ्यात सरकारी दवाखान्यातली एक नर्सबाई म्हाताऱ्या आईला घेऊन चढ चढून आली.

"काकाजी, फुकट आहेत म्हणे?"

मी तोंड उघडायच्या आत बायको झाडू घेऊन दारात. "चढ फुकट आहे, बाई. खोलीले किराया लागते."

नर्सबाई हसली. भिंतीवर तळहात ठेवून बराच वेळ उभी राहिली. खाली गावात राहतो त्या खोलीत ओल आहे, आईला दमा आहे, म्हणाली. त्याच दिवशी किल्ली घेऊन गेली.

मी ओला फडका घेऊन पत्र्याकडे निघालो.

"राहू द्या," बायको मागून म्हणाली. "दोन खोल्या बाकी आहेत अजून."