उलटा न होणारा सुविचार

बेलवलीतल्या आमच्या दत्तमंदिराच्या पायऱ्यांपाशी एक काळा फळा आहे. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून, रोज सकाळच्या आरतीनंतर त्या फळ्यावर सुविचार लिहिण्याची सेवा माझ्याकडे आहे. माझं अक्षर बरं म्हणून ती मला मिळाली होती. पण दोनेक वर्षांत मला वाटायला लागलं की अक्षराचं निमित्त असेल, महाराजांनी खरं तर माझे विचार हेरले असावेत. आधी मी संतांची वचनं लिहायचो, मग त्यांत जरा फेरफार करू लागलो आणि शेवटी सरळ स्वतःचीच वाक्यं जुळवायला लागलो. शून्य, पूर्ण, मौन, नाद, काठ, ओंजळ असे आठ-दहा शब्द हाताशी असले की माझं काम भागायचं. लोक थांबून वाचायचे, मोबाईलवर फोटो काढायचे. विश्वस्त नाना तर माझा सुविचार रोज दीडशे जणांना पाठवायचे. मी वरवर 'छे छे, ही तर महाराजांची कृपा' म्हणायचो आणि घरी येताना छाती दोन इंच फुगलेली असायची.

गेल्या पावसाळ्यात माझं हे विमान खाली आलं. मी सुविचार आदल्या दिवशी वहीत लिहून ठेवायचो. पहिली ओळ पानाच्या तळाशी आली तर दुसरी पुढच्या पानावर. त्या दमट हवेत दोन पानं एकमेकांना चिकटली होती आणि ती मी एकदमच उलटली. मूळ वाक्य होतं, 'शून्याला ज्याने स्पर्श केला, त्यालाच पूर्णाचा भार वाटत नाही.' त्याच्या पुढच्या दिवसाचं होतं, 'मौनाच्या काठावर जो उभा आहे, त्याच्याच ओंजळीत नाद उतरतो.' फळ्यावर गेलं, 'शून्याला ज्याने स्पर्श केला, त्याच्याच ओंजळीत नाद उतरतो.' एकाचं डोकं आणि दुसऱ्याचं धड. आणि त्या दिवशी जेवढी वाहवा झाली तेवढी कधीच झाली नव्हती. नाना माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "आज तुम्ही कळस केलात. अंगावर काटा आला हो!"

घरी येऊन वही पाहिली तेव्हा काटा माझ्या अंगावर आला. मी शालनला, म्हणजे माझ्या बायकोला, घडलेला प्रकार सांगितला. तिनं हातातली कोथिंबीर खाली ठेवली आणि ती अशी हसली की तिला दम लागला. मग माझ्या हातून वही घेत म्हणाली, "थांबा, मी अजून एक करते. नादाच्या काठावर जो उभा आहे, त्याच्याच ओंजळीत मौन उतरतं. घ्या! हे पण छानच आहे की." मी चिडून म्हटलं, त्यात गहन अर्थ आहे, तुला नाही कळायचा. ती म्हणाली, "अहो, सरळ वाचलं तरी छान, उलटं वाचलं तरी छान, मग त्यात आहे काय?" दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर खडू घेऊन उभा राहिलो आणि प्रथमच वाटलं, इतकी वर्षं मी महाराजांची सेवा केली की माझीच?

शालनला हसून लागलेला तो दम मात्र साधा नव्हता. दोन जिने चढताना ती मध्येच बसू लागली होती आणि मी ते वयावर ढकलत होतो. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप खराब झाली होती, ती बदलावी लागणार होती. उल्हासनगरच्या एका रुग्णालयात तिला दाखल केलं. डॉक्टरांनी चित्र काढून सगळं नीट समजावलं, पण चित्र बघून तिची भीती वाढलीच. "म्हणजे तेवढा वेळ माझं हृदय बंद ठेवणार?" एवढाच प्रश्न ती पुन्हा पुन्हा विचारत होती. शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी माझा हात धरून म्हणाली, "एवढं लिहिता रोज. मला एक वाक्य द्या ना. आत जाताना धरायला."

मी रिक्षा करून थेट घर गाठलं आणि साऱ्या वह्या पिशवीत भरून आणल्या. भेटायच्या वेळेत तिच्या खाटेशेजारी बसून एकेक वाचू लागलो. 'मृत्यू म्हणजे जीवनाने घेतलेला दीर्घ श्वास.' ती म्हणाली, "जीवन म्हणजे मृत्यूने घेतलेला दीर्घ श्वास." 'जो हरवतो तोच सापडतो.' "जो सापडतो तोच हरवतो." सुरुवातीला आम्ही दोघंही हसलो. मग तिसऱ्या वहीपाशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती चेष्टा करतच नव्हती. तिला खरंच काहीतरी धरायला हवं होतं, आणि मी पुढे केलेली प्रत्येक फांदी हात लावताच मोडत होती. शेवटी तिनंच माझ्या हातातली वही मिटली. "राहू द्या," म्हणाली. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून मी महाराजांना म्हटलं, माझ्या वाक्यांना आग लागो. हिच्यासाठी तुमच्याकडचं एक द्या. फार मोठं नको.

सकाळ झाली तरी वाक्य काही मिळालं नव्हतं. शालनच्या बांगड्या, मंगळसूत्र काढून माझ्याकडे दिलेलं होतं. तिच्या मुठीत मंदिरातल्या अंगाऱ्याची पुडी होती आणि ती काही केल्या मूठ उघडत नव्हती. "काकू, आत नाही नेता येत हो," असं परिचारिका समजुतीनं सांगत होती. स्ट्रेचर मोठ्या दारापाशी आलं. पुढे मला परवानगी नव्हती. मी स्ट्रेचरची दांडी धरून उभा होतो आणि मला हात सोडवेना. वॉर्डबॉय म्हणाला, "काका, छोडो ना, देर होतेय." कळत होतं, पण बोटं ऐकत नव्हती.

तेव्हा बाकावरून एक बाई उठली. सून बाळंतपणाला आणलेली, म्हणून ती दोन दिवस तिथंच बसून होती. बारवी धरणाकडच्या पाड्यावरची, माझ्याच वयाची असेल. नखांत अजून शेतातला चिखल होता. भाताची लावणी अर्धी टाकून आल्याचं ती आदल्या दिवशी कुणाला तरी सांगत होती, एवढंच मला तिच्याबद्दल माहीत. ती जवळ आली आणि अहो-जाहोच्या भानगडीत न पडता तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"दादा, काढ हात आता. रोप रोवला का हात काढायचा अस्तो. हात तसाच चिखलात धरून बसला तं त्यो रुजंल कसा?"

एवढंच बोलली आणि माझी बोटं तिनं एकेक करून सोडवली. स्ट्रेचर आत गेलं, दार मिटलं. थोड्या वेळानं परिचारिका बाहेर आली आणि अंगाऱ्याची पुडी माझ्या हातात ठेवून गेली. मी ती खिशात टाकली.

पुढचे पाच तास मी त्या बाकावर बसून होतो. करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून सवयीनं ते वाक्य उलटं करून पाहिलं. रोप रोवून हात चिखलातच ठेवला की ते रुजतं? छे! लावणी न केलेला माणूससुद्धा सांगेल की हे खोटं आहे. आयुष्यात प्रथमच माझ्यासमोर असं वाक्य आलं होतं जे उलटं होत नव्हतं. शिवाय ते ऐकून 'वा' म्हणावंसं वाटलं नव्हतं. उलट रागच आला होता, कारण ते मला काहीतरी करायला सांगत होतं आणि ते करणं जड होतं. माझ्या वह्यांमधल्या एकाही वाक्यानं कधी कुणाला हात हलवायला लावला नव्हता. उलटं करून बघणं ही काही सगळ्याच वचनांची कसोटी नाही, हे मलाही कळतं. संतांची काही वचनं पहिल्या वाचनात कोडीच वाटतात. पण वीस वर्षांनी एखाद्या अडचणीच्या दिवशी ती कोडी उठून उभी राहतात आणि आपल्याला कामाला लावतात. माझी वाक्यं वीस वर्षांनीही फळ्यावरच बसून राहिली असती.

हे सगळं मनात चाललेलं असताना बोटं मात्र पुन्हा पुन्हा वळत होती, जणू ती दांडी अजून हातात आहे. दर वेळी मी ती उघडायचो. रोवण्याचं काम डॉक्टरांकडे दिलं होतं, रुजवणं महाराजांकडे. माझ्याकडे एकच काम उरलं होतं, मध्ये हात न घालणं. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि हसले. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर ते दोन पावलं मागे सरकले. मी त्या बाईला शोधायला वळलो, तर बाक रिकामा होता. सुनेला मुलगी झाली आणि ती सगळी मंडळी घरी गेली, असं परिचारिकेनं सांगितलं. नाव विचारायचं राहून गेलं होतं.

चार दिवसांनी शालनला नीट बोलता येऊ लागलं. तिनं पहिला प्रश्न केला, "ती बाई कोण होती हो?" मी म्हटलं, तुला ऐकू आलं? ती म्हणाली, "ऐकू कसं नाही येणार? मला तर वाटलं ती मलाच म्हणतेय. काढ हात आता. म्हणून मी मूठ उघडली." तेव्हा कुठे मला ती खिशातली पुडी आठवली. ती पुढे म्हणाली, "मूठ उघडली ना, तेव्हा आधी वाटलं, आता माझ्याकडे काहीच राहिलं नाही. आणि मग भीती पण राहिली नाही. ती पण त्याच मुठीत होती बहुतेक." मी मागितलेलं वाक्य तिला वेळेवर पोचलं होतं. माझ्या हातून नव्हे इतकंच.

दत्तमहाराज कुठल्याही रूपात येतात म्हणतात. यावर मी कुणाशी वाद घालत नाही. अवधूतानं चोवीस गुरू केले, त्यात पृथ्वी होती, कबुतर होतं, कोळी होता. फळ्यावर सुविचार लिहिणारा एकही नव्हता, हे मात्र मी आता नानांना आवर्जून सांगतो. नानांना ते आवडत नाही.

दीड महिन्यानं शालन पहिल्यांदा चालत मंदिरात आली. मधल्या काळात मी फळ्यावर फक्त तिथी लिहीत होतो. त्या सकाळी मी लिहिलं, 'रोप रोवलं की हात काढावा. हात तसाच ठेवला तर ते रुजणार कसं?' नाना चष्मा सरसावून वाचू लागले. "हे काय, शेतीविषयक?" म्हणाले. फोटो कुणी काढला नाही. शालननं पायरीवर बसून मोठ्यानं उलटं वाचलं, "हात काढला नाही तरच रोप रुजतं!" आणि फुलवाल्या मावशी टोपलीआडून म्हणाल्या, "कायतरीच काय! कुजंल ना ते!" सगळे हसले. शालनही हसली, खूप वेळ हसली, आणि तिला दम लागला नाही. ते मी कान देऊन ऐकत होतो. दत्तगुरूंसमोर उभं राहून जे कधी वाटलं नाही ते मला त्या हसण्यात वाटलं.

भरलेले डोळे दिसू नयेत म्हणून मी पुन्हा फळ्याकडे वळलो. 'रो'चा काना जरा वाकडा वाटत होता, तो सरळ केला. मग वेलांटी गिरवली, मग पूर्णविराम ठळक करायला घेतला. मागून शालनचा आवाज आला.

"अहो, झालं ना लिहून? मग काढा हात आता. चला घरी."