सुमनमावशींच्या गाडीतले चारशे बारा प्रवासी

"बाईंचा फोन भंगार हाय. त्यांना टेस्टिंगमधून काढून टाका," बसवराज सर म्हणाले.

लातूरच्या आमच्या ऑफिसात आम्ही पाच जण मोबाइलसाठी बस चालवायचा गेम करत होतो. लातूर ते औसा, फेऱ्यांवर फेऱ्या. सुमनमावशी आमच्या टेस्टर, म्हणजे गेम बाजारात जाण्याआधी खेळून चुका सांगणाऱ्या. राहायला औशाला, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेल्या. त्यांचं एकच म्हणणं, तिसऱ्या फेरीत गाडी अडखळते आणि गेम बंद पडतो. ऑफिसात तो एकदाही बंद पडला नव्हता.

मावशींना कामावर मीच आणलं होतं. "रिटायर झाल्यापासून कुणी काही विचारत न्हाई, तुमी तरी विचारता," असं त्या म्हणायच्या. त्यांना काढलं असतं तर ते सांगायचं तोंड मला नव्हतं. पण खरं सांगते, संशय मलाही फोनचाच होता.

"सर, दोन दिवस द्या. डीबग पॅनल बसवते."

"कशाला? खेळणाऱ्याला ते दिसणार बी न्हाई."

"आपल्याला दिसेल ना."

डीबग पॅनल म्हणजे गेम चालू असतानाच त्याच्या पोटात काय चाललंय ते दाखवणारी पाटी. बसचा वेग, मेमरी किती भरली, बसमध्ये माणसं किती. तीन बोटं एकदम स्क्रीनवर ठेवली की उघडते. ती सुरुवातीलाच बसवायची असते. आम्ही "नंतर बघू" म्हणत सहा महिने काढले होते.

पाटी बसवलेला गेम मावशींना पाठवला, ती कशी उघडायची तेही सांगितलं. सुनेच्या फोनवरून माझ्याशी बोलत त्या आपल्या फोनवर खेळू लागल्या. तिसरी फेरी आली.

"पोरी, गाडी अडखळायली बघ."

"पाटी उघडा. काय काय लिहिलंय?"

"वेग बारा. मेमरी लाल झाली. प्रवासी चारशे बारा." मग त्यांनी आकडा पुन्हा वाचला. "चारशे बारा? अगं, गाडीत अकराच जण हायेत. मी मोजायले ना!"

मी कपाळावर हात मारला. उतरलेला प्रवासी दिसेनासा होत होता, पण मेमरीतून जातच नव्हता. तो कोड माझाच होता. ऑफिसात आम्ही थांबे सोडून गाडी दामटायचो, त्यामुळे कुणी चढायचंही नाही आणि उतरायचंही नाही. मावशी मात्र प्रत्येक थांबा घ्यायच्या, शेवटचं माणूस उतरेपर्यंत गाडी हलवायच्या नाहीत. नोकरीभर तेच केलेलं.

दुरुस्ती तीन ओळींची निघाली. मावशींनी सलग आठ फेऱ्या मारल्या, गेम हूं की चूं न करता चालला. सरांनी स्वतः स्पीकरवर फोन लावला.

"मावशी, फोन चांगलाय तुमचा. चूक आमची व्हती."

"फोनचं ऱ्हाऊ द्या, साहेब. उतरलेला माणूस वजा करायचा असतो. तेवढं पोरीला शिकवा."

सगळे हसले. मी स्क्रीनकडे बघत बसले.

आता नव्या गेममध्ये पाटी पहिल्याच दिवशी बसते, आणि पहिल्या टेस्टर मावशीच. आपल्याच गेमच्या आत काय चाललंय ते दिसत नसलं, की दुसऱ्याचा फोन भंगार ठरवणं फार सोपं जातं. मी ठरवला होता.