भांड्यांचा दंड

राळेगावहून यवतमाळला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या बाजूला बसला होता. पन्नाशीचा असेल. त्यानं डबा उघडला, भाकर मोडली अन् न विचारता अर्धी माझ्या हातावर ठेवली. बायको गेल्यापासून मी कोणासोबत जेवलो नव्हतो. दोन घास पोटात गेले अन् जुनी खोड वर आली. म्हटलं, "आडनाव काय तुमचं?"

तो मोठ्यानं हसला. "काकाजी, भांडी घासा लागतीन!"

मग त्यानं सांगितलं. कॉलेजात असताना बंजारा, मुसलमान, गोंड, कुणबी अशा पोरांनी मिळून मंडळ काढलं, एकच चूल मांडली. पहिल्याच महिन्यात ताटाच्या शिवाशिवीवरून भांडणं झाली. तेव्हा ठरलं, जो आडनाव विचारेल त्यानं सगळ्यांची भांडी घासायची. आता नवी पोरं तेच चालवतात. तो त्यांनाच भेटायला चालला होता.

"पण घासणाऱ्याले एकटं सोडत नाही आम्ही," तो म्हणाला. "कोणीतरी जवळ उभं राह्यते."

यवतमाळच्या स्टँडवर मी त्याचा डबा नळावर नेला. दंड म्हणजे दंड. त्यानंही "राहू द्या" म्हटलं नाही. माझी पिशवी धरून शेजारी उभा राहिला, बोलत राहिला. मग गेला. नावही विचारायचं राहिलं.

घरी आता एकच ताट असतं. मीच घासतो. चाळीस वर्षं ते बायकोनं घासलं, अन् मी एकही दिवस तिच्याजवळ उभा राहिलो नाही.